लिंकचा रंग बदलला की गोष्टीचा मूड का बदलतो?

पहाटेचे चार वाजलेत. कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात रात्रभर चाललेलं नाटक आत्ताच संपलंय. मंडपातले दिवे एकेक करून विझतायत. तुमच्यासोबत धाकटी बहीण आहे, मोबाइलमध्ये आठ टक्के बॅटरी उरलीय आणि तुमचं गाव तीन किलोमीटरवर आहे, जंगलाच्या पलीकडे.

स्क्रीनवर दोन ओळी दिसतात.

'पायवाटेनं निघा.'
'उजाडेपर्यंत शेकोटीजवळ थांबा.'

आता समजा, या दोन्ही ओळी निळ्या आहेत आणि त्यांच्याखाली रेघ आहे. एखाद्या सरकारी वेबसाइटवर 'अर्ज डाउनलोड करा' असं लिहिलेलं असतं ना, अगदी तशा. तुम्ही फार विचार न करता एकीवर बोट ठेवाल.

आता दुसरं चित्र बघा. स्क्रीन जवळजवळ काळी आहे. अक्षरं राखाडी आहेत. 'शेकोटी' हा एकच शब्द उबदार नारिंगी रंगात आहे आणि 'पायवाट' बाकीच्या मजकुराच्याच रंगाची, फक्त खाली तुटक रेघ असलेली.

शब्द तेच आहेत. पर्याय तेच आहेत. पण या वेळी बोट क्षणभर थांबतं.

हा जो क्षणभराचा थांबा आहे, त्यावर एक अख्खा साहित्यप्रकार उभा आहे. त्याला म्हणतात इंटरॅक्टिव्ह फिक्शन, म्हणजे वाचकाच्या निवडीनुसार पुढं सरकणारी गोष्ट. वरची कुरखेड्याची गोष्ट केवळ उदाहरण म्हणून रचलेली आहे. तिच्याच मदतीनं बघूया, की अक्षरांचं रूप आणि लिंकचा रंग वाचकाच्या मनावर नेमकं काय काम करतात आणि देवनागरीत हे करताना काय सांभाळावं लागतं.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे नेमकं काय?

नेटफ्लिक्सचा 'बँडरस्नॅच' अनेकांनी बघितला असेल. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या या चित्रपटात प्रेक्षकाला मध्येच दोन पर्याय दिसायचे आणि निवड करायला साधारण दहा सेकंद मिळायचे. नायकानं नाश्त्याला काय खायचं, इथपासून निवड सुरू व्हायची.

मजकुरातून खेळायच्या गोष्टी मात्र यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. १९७६ मध्ये विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरनं गुहेत फिरण्याचा 'ॲडव्हेंचर' हा खेळ लिहिला. पुढच्या वर्षी डॉन वुड्सनं तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं. वाचकानं आज्ञा टाइप करायची आणि कॉम्प्युटरनं पुढं काय झालं ते सांगायचं. तिथं सगळी अक्षरं एकाच साच्याची आणि एकाच रंगाची असायची. मूड जो काही तयार व्हायचा, तो शब्दांतूनच.

मग आली लिंक. १९८७ मध्ये मायकल जॉइस या लेखकानं 'आफ्टरनून, अ स्टोरी' नावाची कथा तयार केली. तिच्यातल्या काही शब्दांवर क्लिक केलं की गोष्ट वेगळ्या दिशेला जायची. गंमत म्हणजे कोणता शब्द क्लिक होणार, हे वाचकाला दिसायचंच नाही. त्या शब्दांना वेगळा रंग नव्हता की रेघ नव्हती. वाचकाला प्रत्येक शब्द चाचपून बघावा लागे. एका माणसाच्या अस्वस्थ आठवणींची ती कथा होती आणि वाचकाचं हे चाचपडणं त्या अस्वस्थतेचाच भाग झालं होतं.

थोडक्यात, लिंक कशी दिसते हा प्रश्न या साहित्यप्रकारात पहिल्यापासून आहे.

आज अशी गोष्ट लिहायला प्रोग्रॅमिंग यावंच लागतं असं नाही. ख्रिस क्लिमस यानं २००९ मध्ये 'ट्वाइन' हे साधन आणलं. ते मोफत आहे. गोष्टीचा एकेक तुकडा एकेका चौकोनात लिहायचा, या तुकड्याला 'पॅसेज' म्हणतात. दोन चौकोनी कंसांत शब्द लिहिला की त्याची लिंक तयार होते. उदाहरणार्थ, [[शेकोटी]] असं लिहिलं की 'शेकोटी' नावाचा नवा पॅसेज जोडला जातो. पॅसेजची नावं मराठीतही ठेवता येतात. शेवटी सगळी गोष्ट एका फाइलमध्ये तयार होते आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.

लिंक निळीच का असते?

वेब नवीन असताना, १९९३ मध्ये आलेल्या मोझेइक या ब्राउझरनं निळी आणि अधोरेखित लिंक घराघरात पोचवली. उघडून झालेली लिंक जांभळी दिसायची. ही सवय इतकी रुजली, की आजही निळ्या रंगात रेघ मारलेला शब्द दिसला की बोट आपोआप तिकडं जातं.

बातमीसाठी, अर्जासाठी ही सवय सोयीची आहे. गोष्टीसाठी ती अडचणीची ठरू शकते. कारण निळी लिंक वाचकाला आठवण करून देते की तो एका वेबसाइटवर आहे. जंगलातल्या पहाटेतून तो थेट ऑनलाइन फॉर्मसमोर येऊन बसतो.

जांभळ्या रंगाचाही घोळ होतो. वाचक एका पॅसेजवरून परत आला आणि त्याला 'पायवाट' जांभळी दिसली, तर गोष्ट त्याला सांगतेय की 'इकडं जाऊन झालंय'. गोष्टीत आठवणींचा विषय असेल तर हे कामाचं आहे. पण प्रत्येक वेळी नवीच भीती वाटायला हवी असेल, तर हा रंग भीती घालवून टाकतो. त्यामुळे अनुभवी लेखक आधी या ठरीव रंगांचा निर्णय घेतात: ठेवायचे, बदलायचे की काढून टाकायचे.

रंगाला अर्थ दिला की काय होतं?

पॉर्पेंटाइन या लेखिकेची 'विथ दोज वुई लव्ह अलाइव्ह' ही २०१४ ची ट्वाइन कथा या बाबतीत नेहमी सांगितली जाते. तिच्यात दोन रंगांच्या लिंक आहेत. एका रंगाची लिंक जागच्या जागी मजकूर बदलते, दुसऱ्या रंगाची लिंक गोष्ट पुढं नेते. हे कुठल्याही सूचनेत समजावून सांगावं लागत नाही. दोन-चार क्लिकमध्ये वाचक ते शिकतो. मग एखाद्या दृश्यात रेंगाळायचं की पुढं जायचं, हे तो रंग बघून स्वतः ठरवू लागतो.

'डिप्रेशन क्वेस्ट' ही २०१३ ची कथा याच्याही पुढं गेली. नैराश्यात असलेल्या माणसाची ही गोष्ट. तिच्यात काही पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांच्यावर काट मारलेली असते. त्यांच्यावर क्लिक होत नाही. 'मित्रांना भेटायला जा' असा सरळसोपा वाटणारा पर्याय समोर आहे आणि तो निवडता मात्र येत नाही. नैराश्यात 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' हा सल्ला का उपयोगी पडत नाही, ते सांगायला या कथेला लांबलचक परिच्छेद लागला नाही. एक आडवी रेघ पुरली.

मायकल लुट्झ याची 'माय फादर्स लाँग, लाँग लेग्ज' ही त्याच वर्षाची भयकथा. तिच्या शेवटाकडे स्क्रीन काळी होते आणि वाचकाच्या हातातला कर्सर टॉर्चसारखा वापरावा लागतो. जिथं उजेड पडेल तेवढंच वाचता येतं.

या तिन्ही कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. रंग, रेघ आणि अंधार इथं सजावटीसाठी आलेले नाहीत. प्रत्येकाला एक ठरलेला अर्थ आहे. लेखक जणू वाचकाला शब्द देतो, की 'हा रंग म्हणजे हे'. एकदा दिलेला शब्द पाळला, की वाचकाचा गोष्टीवर विश्वास बसतो. आणि विश्वास बसल्यावर लेखक एकदाच, योग्य जागी तो मोडू शकतो.

कुरखेड्याच्या गोष्टीत समजा नारिंगी रंग म्हणजे ऊब आणि माणसांची सोबत, असं सुरुवातीपासून ठरलंय. शेकोटी नारिंगी. बहिणीनं मारलेली 'दादा' ही हाक नारिंगी. मग जंगलात बराच वेळ अंधार चालल्यानंतर दूर एक नारिंगी शब्द दिसला, तर वाचक धावत तिकडं जाईल. तिथं खरंच कुणी भेटलं तर सुटकेचा श्वास सोडेल. आणि तो वणव्याचा उजेड निघाला, तर जो धक्का बसेल तो दहा उद्गारचिन्हांनी बसणार नाही. पण आधीच्या वीस पॅसेजमध्ये नारिंगी रंग कुठंही, कशासाठीही वापरला असेल, तर यातलं काहीच घडणार नाही.

मराठी माणसाला ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. अक्षरातून मूड तयार करण्याची मराठीची परंपरा मोठी आहे. सुलेखनकार कमल शेडगे यांचं २०२० मध्ये निधन झालं. त्यांनी मराठी नाटकांची, पुस्तकांची आणि चित्रपटांची नावं दशकानुदशकं रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचं नाव बघूनच ते विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की गंभीर, हे वाचकाला कळायचं. तिकीट काढण्याआधीच मूड तयार झालेला असायचा.

आणि कुरखेडा तर रात्रभराच्या नाटकांचाच मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांचा झाडीपट्टा आपल्या स्वतंत्र रंगभूमीसाठी ओळखला जातो. धानाची कापणी होते, दिवाळी सरते आणि गावोगावी नाटकं सुरू होतात. शेजारच्या वडसा म्हणजे देसाईगंजमध्ये नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. तिथं येऊन गावकरी नाटक ठरवतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव देशभर पोचलं.

रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला दृश्याचा मूड कोण सांगतं? संवाद तर सांगतातच. पण त्याआधी दिवा मंद होतो, वाद्यांचा सूर बदलतो, पडदा सरकतो. पात्र बोलण्याआधीच प्रेक्षक सावरून बसतो. मजकुराच्या गोष्टीत दिवा, वाद्य आणि पडदा नाही. तिथं त्यांची कामं पार्श्वभूमीचा रंग, अक्षराचं वळण आणि लिंक उघडण्याचा वेग करतात.

आणि चांगल्या नाटकात प्रत्येक वाक्याला दिवा बदलत नाही. दृश्य बदललं की बदलतो. ट्वाइनमध्येही हाच नियम उपयोगी पडतो. पॅसेजना 'मंडप', 'जंगल', 'घर' असे टॅग देता येतात आणि प्रत्येक टॅगसाठी रंगसंगती एकदाच ठरवता येते. मग 'जंगल' टॅग असलेला प्रत्येक पॅसेज आपोआप तशाच अंधारात उघडतो.

देवनागरीत काय वेगळं करावं लागतं?

ट्वाइनसारखी साधनं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. त्यामुळे इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच युक्त्या मराठीत जशाच्या तशा चालत नाहीत.

पहिली गोष्ट, मोठी अक्षरं. इंग्रजीत ओरडणं दाखवायला सगळी अक्षरं कॅपिटल करतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. ओरडणं दाखवायचं तर आकार वाढवावा लागतो, अक्षर ठळक करावं लागतं किंवा तो शब्द एकटाच एका ओळीवर ठेवावा लागतो. शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात परिणामकारक.

दुसरी गोष्ट, तिरकी अक्षरं. मनातले विचार किंवा आठवणी तिरक्या अक्षरांत लिहायची पद्धत रोमन लिपीतली. देवनागरीचे बरेच फाँट तिरक्या रूपात उपलब्धच नसतात. मग ब्राउझर सरळ अक्षराला ओढून कलतं करतो आणि शब्द पडायला आल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा आठवणींसाठी वेगळा फाँट वापरणं बरं. 'कलम' हा हस्ताक्षरासारखा मोफत फाँट पत्र किंवा वहीतली नोंद दाखवायला चांगला आहे. 'तिरो देवनागरी मराठी' हा छापील पुस्तकाची आठवण करून देणारा फाँट तिरक्या रूपातही मिळतो. 'यात्रा वन' रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, तर 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की त्यात भयकथा लिहिली तर वाचक हसेल.

तिसरी गोष्ट, अक्षरांमधलं अंतर. एकटेपणा किंवा शांतता दाखवायला इंग्रजीत अक्षरं लांब लांब पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. 'जंगल' हा शब्द तीन सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. तो एकटेपणा वाटत नाही, छपाईची चूक वाटते. म्हणून अंतर अक्षरांमध्ये नको, शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये वाढवायचं.

चौथी गोष्ट, टाइप होत जाणारी अक्षरं. एकेक अक्षर उमटत जाणारा मजकूर थरारासाठी खूप वापरला जातो. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं 'क्षि' हे एक अक्षर नाही. त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे आहेत. साधा प्रोग्रॅम ते एकामागून एक दाखवतो आणि वाचकाला आधी 'क', मग 'क्', मग 'क्ष' आणि शेवटी 'क्षि' असं थरथरतं अक्षर दिसतं. 'कि'मधली वेलांटी तर नंतर येऊन क-च्या आधी जाऊन बसते. उपाय सोपा आहे: मराठीत अक्षर-अक्षर उमटवण्याऐवजी शब्द-शब्द उमटवा. एखाद्या अक्षरातला फक्त एक भाग रंगवायचा प्रयत्नही टाळा. त्यानं जोडाक्षर फुटू शकतं.

पाचवी गोष्ट, लिंकखालची रेघ. 'पुढून', 'कुरखेडा', 'मृग' अशा शब्दांत उकार आणि ऋकार खाली उतरतात. रेघ अक्षराला चिकटून असेल तर ते तिच्यात अडकतात आणि पहिला उकार की दुसरा, हे कळत नाही. रेघ थोडी खाली सरकवता येते. ओळींमधलं अंतरही रोमनपेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं, कारण वर रफार आणि मात्रा, खाली उकार, अशी दोन्हीकडं जागा लागते.

सहावी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मराठीतल्या 'ल' आणि 'श'चं वळण हिंदीतल्यापेक्षा वेगळं आहे. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण दिसायला पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद फाइलमध्ये करावी लागते. ती नसली तर गोष्ट मराठी आणि अक्षरं हिंदी वळणाची, असं होतं. तसंच 'दऱ्या' लिहायचं आणि 'दर्या' उमटलं, तर वाचक डोंगरातून थेट समुद्रात पोचतो.

अंधार दाखवायचा, पण वाचता यायला हवं

आता एक खरा पेच. मूडसाठी अंधुक अक्षरं हवीत आणि वाचक तर मोबाइलवर वाचतोय. कदाचित भर उन्हात, कदाचित तडा गेलेल्या स्क्रीनवर, ब्राइटनेस कमी करून.

वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक नियम आहेत. त्यांच्यानुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतकं प्रमाण हवं. मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतं. भयकथांमध्ये आवडीनं वापरला जाणारा काळ्यावरचा गडद रक्तवर्णी लाल घ्या. त्याचं प्रमाण अनेकदा २ : १ च्या आसपासच भरतं. म्हणजे भीती वाटायच्या आधी डोळे दुखतात. हे प्रमाण मोजून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत.

दुसरा नियम असा, की फक्त रंगाच्या जोरावर अर्थ सांगू नये. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे बरेच लोक असतात आणि त्यात पुरुष जास्त. म्हणून रंगाच्या जोडीला दुसरी खूण हवी. पुढं नेणाऱ्या लिंकखाली सलग रेघ, जागीच उलगडणाऱ्या लिंकखाली तुटक रेघ, असं काहीतरी. या लेखाच्या सुरुवातीला 'पायवाट' बाकीच्या मजकुराच्या रंगाची होती, पण खाली तुटक रेघ होती, ती याचसाठी. वाट अंधारात आहे असं वाटायला हवं. वाट आहे हेच कळलं नाही, तर तो मूड राहत नाही, ती फसवणूक होते.

तिसरा नियम झगमगाटाचा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारी स्क्रीन काही लोकांना आकडी आणू शकते. ट्वाइनमध्ये मजकूर थरथरवणं, धूसर करणं, लुकलुकवणं अगदी सोपं आहे. म्हणूनच ते जपून वापरायचं. ज्यांनी आपल्या फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग लावलीय, त्यांच्यासाठी हे परिणाम बंद राहतील अशी सोय करता येते.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. फाँट इंटरनेटवरून उचलला जात असेल आणि नेटवर्क कमजोर असेल, तर वाचकाला फोनमधला नेहमीचा फाँट दिसेल. जंगलपट्ट्यातल्या गावांत हे वारंवार घडेल. म्हणून गोष्ट एकदा साध्या फाँटमध्ये वाचून बघावी. तशीही ती अंगावर येत असेल, तर शैलीचं काम बरोबर चाललंय. फाँट गेल्याबरोबर गोष्टच कोसळत असेल, तर लिखाणावर अजून मेहनत हवी.

जंगल म्हणजे भीतीच का?

शैलीचा सगळ्यात मोठा प्रश्न तांत्रिक नाही.

'जंगल' म्हटलं की काळी स्क्रीन आणि लाल अक्षरं, हे समीकरण फार पटकन सुचतं. पण ते कुणाचं जंगल आहे? गडचिरोलीतल्या माणसासाठी जंगल म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे वेचायची मोहफुलं, त्यानंतर तेंदूपत्ता, सरपण आणि रोजची वाट. त्याच जंगलात धोकाही खरा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. मोहफुलं, सरपण किंवा गुरांमागं गेलेली माणसं. त्यांची घरं आजही तिथंच आहेत.

अशा ठिकाणची गोष्ट लिहिताना रक्त ठिबकणारी अक्षरं वापरली, तर लांबच्या वाचकाला थरार वाटेल. कुरखेड्याच्या वाचकाला मात्र ती गोष्ट आपली वाटणार नाही. त्याला माहीत असतं, की धोक्याच्या आधी जंगल लाल होत नाही. ते नेहमीसारखंच असतं. फक्त एखादा आवाज थांबतो.

मग हे कसं दाखवायचं? आधीच्या पाच पॅसेजमध्ये प्रत्येकी तीन-चार लिंक असाव्यात: पाखरांचा आवाज, पानांची सळसळ, बहिणीची बडबड, हातातली काठी. प्रत्येकीवर क्लिक केलं की एखादी छोटी ओळ उलगडावी. सहाव्या पॅसेजमध्ये रंग तोच, फाँट तोच, पण लिंक एकच उरावी. तिच्याआधी एक मोकळी ओळ. बस्स. वाचकाला कुणी सांगितलेलं नसतं, तरी त्याला कळतं की काहीतरी गप्प झालंय.

इथं शैलीनं काही वाढवलं नाही, उलट काढून घेतलं. आणि जंगल जसं आहे तसंच राहिलं.

स्वतः करून बघायचं असेल तर

पहिल्यांदा गोष्ट कुठल्याही रंगाशिवाय पूर्ण लिहा. साधारण पंधरा-वीस पॅसेजची छोटी गोष्ट सुरुवातीला पुरते.

मग एका कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या गोष्टीत किती प्रकारच्या लिंक आहेत? प्रत्येक प्रकार काय करतो? तो कसा दिसणार? दोन किंवा तीन प्रकारांपेक्षा जास्त झाले तर वाचक ते लक्षात ठेवणार नाही.

त्यानंतर जागा ठरवा. कुरखेड्याच्या गोष्टीत मंडप, जंगल आणि घर अशा तीन जागा आहेत, म्हणून तीन रंगसंगती पुरतात. मंडपात उजेड जास्त, जंगलात कमी, घरी पोचल्यावर पहाटेचा फिकट रंग. वाचक घरी पोचला हे वाक्य वाचण्याआधीच त्याला उजाडल्यासारखं वाटलं पाहिजे.

फाँट एकच ठेवा. दुसरा आणायचाच असेल तर त्याला कारण हवं: चिठ्ठी, पाटी, मोबाइलवरचा मेसेज. थरथरणं, धूसर होणं, अचानक काळोख यांपैकी एकच परिणाम निवडा आणि अख्ख्या गोष्टीत एकदाच वापरा.

शेवटी गोष्ट दोन जणांना वाचायला द्या. एक नेहमी मोबाइलवर वाचणारा आणि दुसरा वयानं मोठा, चष्मा लावणारा. त्यांना 'आवडली का' असं विचारू नका. ते वाचताना त्यांचं बोट कुठं थांबतं ते बघा. जिथं थांबायला हवं तिथं थांबलं, तर रंग बरोबर बसलेत. लिंक कुठली हे न कळल्यामुळं थांबलं, तर परत कागदावरच्या तीन ओळींकडं या.

आणि सुरुवातीच्या त्या दोन ओळींचं काय? पायवाट की शेकोटी?

बऱ्याच गोष्टींमध्ये धाडसी पर्याय चमकदार केलेला असतो, कारण लेखकाला वाचकानं तिकडंच जावं असं वाटतं. आपल्या उदाहरणात उलट आहे. ऊब आणि रंग शेकोटीला दिलाय. झाडीपट्टीत नाटक संपल्यावर उजाडेपर्यंत थांबणं हा भित्रेपणा नाही, शहाणपणा आहे. ज्याला पायवाटेनं जायचंय त्याला रस्ता मोकळा आहे. पण ती त्याची स्वतःची निवड असेल, रंगानं ढकलून दिलेली नाही.